चुलीचा धूर वेगळा केला का?

३१ वर्षं मी उपकेंद्रावर नर्सबाई होते. वणी आणि घुग्घूसच्या मधला पट्टा, वर्धा नदीचा काठ. लसीकरण, बाळंतपणं, वजनं, गोळ्या यातच नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर गावातली दोन पोरं घरी आली. "बाई, कोळशाची खाण वाढवून राहिले. जनसुनावणी आहे. छातीच्या रोगाचं तुम्ही बोला."

मी ६२ घरं फिरले. कोणाला खोकला, कोणाला धाप, कोणाचं लेकरू रात्रभर घरघरते, सगळं हिरव्या वहीत लिहिलं आणि मांडवात उभी राहून वाचलं. मंचावरच्या एका साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, चुलीचा धूर वेगळा केला का? आणि जिथं खाण नाही, त्या गावात खोकणारे किती?" माझ्याजवळ दोन्हीचं उत्तर नव्हतं. वही मिटून खाली बसले. राग आला, पण प्रश्न बरोबर होता.

गावाच्या हवेचा तब्येतीवर होणारा परिणाम कसा मोजायचा, हे त्यानंतर दोन वर्षं शिकले, ते इथं लिहिते आहे. आशाताई, आरोग्य सेवक, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, कोणीही हे करू शकतं. बारावीपर्यंतचं गणित पुरतं.

एका माणसाचा खोकला कोळशाच्या धुळीचा की बिडीचा, हे कोणताच डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोनशे माणसांचं मात्र सांगता येतं, शेजारी दुसरी दोनशे माणसं असली तर. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं होतं. कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'धुकं' लिहिलं नव्हतं. पण तिथं मृत्यूंची नोंद आठवड्याच्या आठवड्याला होत होती आणि मागच्या वर्षांचे आकडे हाताशी होते. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसं जास्त मेली, असं त्यावरून निघालं. पुढच्या महिन्यांचे मृत्यूही धरून नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. यंत्र काही विशेष नव्हतं, वही होती. आपल्याकडेही वह्या आहेत, फक्त चार ठिकाणी पडलेल्या आहेत.

आधी धूर कुठून येतो ते लिहा

गावाचा नकाशा काढा. खाण, मातीचे डम्प, रेल्वे सायडिंग, वजनकाटा, हायवा म्हणजे कोळशाचे मोठे ट्रक जातात तो रस्ता, वीटभट्ट्या, कापसाचं जिनिंग, सगळं दाखवा. मग वर्षाचं कॅलेंडर काढा. आपल्याकडे बाहेरची हवा फक्त खाण आणि वीजकेंद्र यांनीच बिघडते असं समजणारे लोक फेब्रुवारीत वावरात गेलेले नाहीत. तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून वावराच्या बांधावर पेटवतात. ऑक्टोबरात सोयाबीनचं कुटार जळतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग जंगलात शिरते. वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात, त्या पावसापर्यंत चालतात. हिवाळ्यात संध्याकाळी थंड हवा खाली बसते आणि धूर गावावरच अडकून राहतो. सकाळी आठपर्यंत तो घरांच्या कौलांवर दिसतो.

हे सगळं लिहून ठेवलं नाही, तर कोणीतरी उठून म्हणेलच, "तुमचेच कास्तकार जाळतात की." म्हणू द्या. तुमच्या कॅलेंडरात ते आधीच असलं पाहिजे.

वाऱ्यासाठी मी शाळेच्या गच्चीवर बांबूला जुन्या धोतराची पट्टी बांधली. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता दिशा लिहायची. सातवीची पोरं हे काम आनंदानं करतात. वर्षभराची दिशा हाती आली की डम्पचा वारा गावावर कोणत्या महिन्यांत येतो ते कळतं. तेच महिने पुढे उपयोगी पडतात.

हवेचा आकडा

तुमच्या गावात यंत्र नसणारच. चंद्रपूरसारख्या शहरातल्या केंद्रांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतात. जुन्या पद्धतीच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा नमुना घ्यायचा असतो, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. बाकीच्या दिवसांचं त्या कागदावर काही नसतं. ॲपवर नसलेले आकडे माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवसांची. चंद्रपूर २००९ मध्येच देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत आलं होतं, तेव्हाचा प्रदूषणाचा निर्देशांक ८३.८८. पण तो आकडा तुमच्या गावाचा नाही. शहरातल्या कचेरीच्या गच्चीवरचं यंत्र तुमच्या वजनकाट्याजवळच्या रस्त्याबद्दल काही सांगत नाही.

मुख्य लक्ष पीएम २.५ वर, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांवर ठेवा. हे कण इतके बारीक असतात की फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा परिणाम नुसता खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकार, लकवा, कमी वजनाची बाळं हेही त्यात येतं, आणि फुप्फुसाचा कॅन्सरही. बाहेरचं वायुप्रदूषण माणसाला कॅन्सर करतं, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये जाहीर केलं. आपल्या देशाची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, २४ तासांची ६०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची वार्षिक मर्यादा ५. दोन्ही आकडे समोर ठेवा, म्हणजे 'मर्यादेत आहे' असं कोणी म्हटलं की कोणत्या मर्यादेत, हे विचारता येतं.

आम्ही एका कॉलेजकडून हातात मावणारं छोटं सेन्सर आणलं होतं. चांगली वस्तू आहे, पण दोन खोडी आहेत. पावसाळ्यात ओल पडली की आकडा उगाच फुगतो. आणि रस्त्यावरची जाड धूळ त्याला नीट दिसत नाही. म्हणून आधी ते मंडळाच्या यंत्राशेजारी दोन आठवडे ठेवून किती फरक पडतो ते पाहा, मग गावात लावा.

आणखी एक घरगुती प्रकार. स्टीलची ताटं पाच घरांच्या छपरांवर महिनाभर ठेवायची, धूळ बोटभर रुंद ब्रशनं गोळा करायची आणि सोनाराच्या काट्यावर तोलायची. आमच्या सोनारानं पैसे घेतले नाहीत. ग्रामसभेत ती पुडी हातोहात फिरवली की लोकांना पटतं. पण आरोग्याच्या हिशेबात ती घालू नका. ताटात पडते ती जाड धूळ, छातीत खोल जाते ती वेगळी.

वह्या

चार वह्या लागतात. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद, प्राथमिक आरोग्य केंद्राचं बाह्यरुग्ण रजिस्टर, आशाताईची कुटुंबनोंद आणि अंगणवाडीची वजनं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, आणि नावं न घेता फक्त वय, लिंग, गाव, तारीख, तक्रार उतरवून घ्या.

मृत्यूचं कारण मात्र विसरा. आमच्या रजिस्टरात पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जागी 'हृदयक्रिया बंद' किंवा 'म्हातारपण' होतं. मरणाऱ्या प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद होते. एकूण मृत्यू मोजा, अपघात, सर्पदंश आणि आत्महत्या वजा करा. तेवढं पुरतं.

तुलना नेहमी त्याच महिन्याशी करायची. मे महिन्यातले मृत्यू जानेवारीशी ताडून पाहिले तर आपल्याकडचं ऊन सगळा हिशेब बिघडवतं. ४५-४६ अंशात म्हातारी माणसं धुळीशिवायही जातात. या वर्षीचा मे मागच्या पाच वर्षांच्या मेशी लावा. धुराचा दिवस आणि दवाखान्यातली गर्दी यांत एक ते पाच दिवसांचं अंतर असू शकतं, तेवढे दिवस पुढचेही धरा.

शाळेची हजेरीही पाहिली होती मी. नोव्हेंबरात पोरं गायब. मला वाटलं, सापडलं! नंतर कळलं की कापूस वेचायला गेली होती. त्या वहीवर फार विसंबू नका.

लहान लेकरांसाठी श्वास मोजणं हे उत्तम साधन आहे. पूर्ण एक मिनिट, लेकरू शांत असताना, पोटाकडे पाहून. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच लोकांना आणि दाईंना लेकरांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू कमी झाले. तेव्हा 'अडाणी माणसाला काय मोजता येतं' असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

दुसरं गाव

इथं मी पहिल्यांदा नापास झाले होते, म्हणून इथं जरा थांबते.

तुलनेसाठी लांबचं गाव निवडताना ते आपल्यासारखंच असलं पाहिजे. कापूस-सोयाबीनचं, तेवढ्याच लोकसंख्येचं, तशाच जातीपातीचं, दवाखानाही तेवढ्याच अंतरावर. फक्त खाण आणि हायवा नकोत, आणि खाणीकडचा वारा त्या गावावर वाहत नसावा. आम्ही मारेगावच्या बाजूचं एक गाव घेतलं.

किती माणसं? खोकल्याचं प्रमाण एका गावात १० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के असेल, तर हा फरक नशिबाचा नाही असं म्हणायला प्रत्येक गावात सुमारे २०० माणसं लागतात. फरक कमी असेल तर जास्त. माझी ६२ घरं तिथंच कमी पडली होती. घरं आवडीनं निवडू नका. कुटुंबनोंदीतून दर चौथं घर घ्या, कुलूप असलं तर परत जा. बाहेर ओट्यावर बसलेल्यालाच विचारत गेलात तर फक्त खोकणारेच भेटतात, कारण बाकीचे वावरात असतात.

दोन गावांच्या पहिल्या पाहणीत मी ३० वर्षांवरच्या बायकाच घेतल्या. आपल्याकडे बाई सहसा बिडी ओढत नाही, त्यामुळे एक गुंता कमी होतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, पण खर्रा तोंडाचा रोग देतो, छातीचा नाही. तो प्रश्न विचारा, पण हिशेब वेगळा ठेवा. खाणीत, भट्टीवर, जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांचा गटही वेगळा, कारण त्यांची धूळ कामावरची असते.

आता चूल. 'गॅस आहे का' असं विचारू नका. उज्ज्वला योजना २०१६ ला आली तेव्हापासून गॅसची हंडी बहुतेक घरांत आहे, कोपऱ्यात, वर देवाचा फोटो. विचारा, "शेवटचा सिलिंडर कधी भरून आणला?" आणि "आंघोळीचं पाणी कशावर तापतं?" मग खरं बाहेर येतं. ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी, शुगरसारख्या रोगांचा धोका तपासायचा कागद, आशाताई भरतातच. त्यात सरपणाचा, खोकल्याचा, धापेचा आणि काडीकचरा जाळण्याच्या कामाचा प्रश्न आहे. तो आधी पाहा, निम्मं काम झालेलं असतं.

मग चूल आणि गॅस वेगळे का करायचे, ते असं. समजा खाणीजवळच्या गावात २०० बायकांपैकी ३८ जणींना जुना खोकला आहे, म्हणजे १९ टक्के. लांबच्या गावात २०० पैकी २८, म्हणजे १४ टक्के. फरक फार वाटत नाही. आता गट पाडा. जवळच्या गावात गॅसवाल्या १२०, त्यांतल्या १८ खोकतात, १५ टक्के. चूलवाल्या ८०, त्यांतल्या २०, २५ टक्के. लांबच्या गावात गॅसवाल्या ६०, त्यांतल्या ४, जेमतेम ७ टक्के. चूलवाल्या १४०, त्यांतल्या २४, १७ टक्के. म्हणजे गॅसवालीशी गॅसवाली ताडली तर खाणीजवळ प्रमाण दुपटीच्या वर, आणि चूलवालीशी चूलवाली ताडली तर दीडपटीच्या जवळ. लांबच्या गावात चुली जास्त होत्या, त्यांनी खाणीचा फरक झाकून टाकला होता. साहेबाचा प्रश्न आपल्याला पाडायला होता असं मला वाटलं होतं. तो विचारला नसता तर आपलंच नुकसान होतं.

काय विचारायचं

तीन महिने जवळजवळ रोज खोकला किंवा बेडका, असं सलग दोन वर्षं झालं का? गेल्या १२ महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का? धापेची पायरी कोणती? फक्त जोराच्या कामात धाप लागते, का घाईनं चालताना किंवा चढावर. आपल्या वयाच्या बायांपेक्षा मागं पडते. सपाटीवर शंभर मीटरला थांबावं लागतं. का लुगडं नेसतानाही धाप लागते. या पाच पायऱ्या जगभर वापरतात, आकडा शून्य ते चार असा लिहा.

'१२ महिने' असं म्हटलं तर कोणालाच नीट आठवत नाही. "मागच्या वढ्याच्या जत्रेपासून" म्हणा, "पोळ्यापासून" म्हणा. आणि उत्तर लगेच लिहू नका. एक बुढी मला म्हणाली, "मले काई होत नाई वं बाई, थोडासा ठसका हाय फक्त." मी गप्प बसले. मग सून म्हणाली, "ठसका? रात्री उठून बसते, पहाटंपर्यंत झोपत नाही." धाप होती, बुढी तिला ठसका म्हणत होती.

'प्रदूषणाची पाहणी' असं दारात सांगू नका, 'श्वासाच्या तब्येतीची पाहणी' सांगा. नुकसानभरपाईची आशा लागली की खोकला वाढतो, आणि ज्याच्या घरचा खाणीवर आहे त्याचा खोकला नाहीसा होतो. दोन्ही मी पाहिलं आहे. विचारणाऱ्यांची अदलाबदल करा, आमच्या गावच्या पोरी तिकडे आणि तिकडच्या इकडे. संमती घ्या, सही नको असेल तर तोंडी घ्या आणि तसं लिहा. अहवाल छापायचा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडून आधी मान्यता लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत सामुदायिक आरोग्याचा विभाग आहे, गावात जाऊन काम करण्याची त्यांची जुनी रीत आहे. अशा विभागाला सुरुवातीलाच सोबत घ्या. आकडे जमल्यावर गेलात तर ते दुरुस्त्या सांगतात आणि उशीर झालेला असतो.

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची ते मोजणारं साधं यंत्र, मिळालं तर जरूर वापरा. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, एका झटक्यात फुंकायचं, तीनदा, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. उंची आणि वय नाही लिहिलं तर आकडा निरुपयोगी. पुठ्ठ्याची नळी प्रत्येकाला नवी. ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्याला फुंकायला लावू नका, आधी थुंकी तपासायला पाठवा. पाहणीत टीबीचा माणूस सापडला आणि आपण फक्त टीक करून पुढे गेलो, असं होता कामा नये.

शेवटचा हिशेब, सांभाळून

हवेचा आकडा आणि मृत्यूंची संख्या दोन्ही असतील तर एक अंदाज काढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मर्यादांसाठी जगभरचे अभ्यास एकत्र केले, त्यात पीएम २.५ वर्षभर १० मायक्रोग्रॅमनं जास्त असेल तर नैसर्गिक कारणांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात असं निघालं, ६ ते ९ च्या दरम्यान. समजा तालुक्याची वार्षिक सरासरी ५० आहे. आरोग्य संघटनेच्या ५ पासून फरक ४५, म्हणजे साडेचार वेळा दहा. १.०८ चा साडेचार घात सुमारे १.४१. त्यातून १ वजा करून १.४१ नं भागा, ०.२९ येतं. तालुक्यात वर्षाला अपघात सोडून मोठ्या माणसांचे १,००० मृत्यू होत असतील तर त्यांतले सुमारे २९० हवेच्या खाती, ६ आणि ९ टक्के धरले तर २३० ते ३२०.

हा हिशेब एका गावावर करू नका. १४ मृत्यूंचे २९ टक्के काढून 'चार जण गेले' असं म्हटलं की कोणीतरी विचारतं, कोणते चार? आणि मग लोक नावं घेऊ लागतात. शिवाय हे आकडे बरेचसे कमी धुराच्या देशांतून आले आहेत, फार धूर असलेल्या ठिकाणी वाढ तितक्याच वेगानं होत नाही. म्हणून एकच आकडा सांगू नका, नेहमी दोन टोकं सांगा. मला उलटा प्रश्न जास्त आवडतो. ५० चे ४० झाले, म्हणजे आपल्याच देशाच्या मर्यादेत हवा आली, तर किती वाचतील? ०.०८ भागिले १.०८, सुमारे ७.४ टक्के. हजारामागे ७४. त्यासाठी काय करावं लागेल हे पुढे मागता येतं. हायवावर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, डम्पवर झाडं, पऱ्हाटी जाळण्याऐवजी तिचा भुसा करणारं यंत्र.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. एवढ्या दिवसांत हे काम होत नाही. सूचना येण्याआधी वही तयार हवी, म्हणून दसऱ्याला सुरुवात करा आणि होळीनंतर त्याच घरांतून पुन्हा फिरा. अहवाल चार पानांचा ठेवा. पहिल्या पानावर दोन गावांची तुलना, दुसऱ्यावर चूल-गॅसचे गट, तिसऱ्यावर जे जमलं नाही ते. प्रती प्राथमिक आरोग्य केंद्राला, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. पोच घ्या. आणि ज्या घरांनी वेळ दिला त्यांना निकाल घरी जाऊन सांगा, त्या ठसकावाल्या बुढीलाही.

मारेगावकडच्या गावात दोन घरांनी मागच्या खेपेला दार उघडलं नव्हतं. यंदा वढ्याची जत्रा झाली की पहिल्या सोमवारी तिकडूनच सुरुवात करणार आहे. पुठ्ठ्याच्या नळ्या २५० सांगून ठेवल्या आहेत.